पिठातली अळी आणि हादग्याचे रिंगण

पावसाळ्यात पिठाचा डबा उघडला म्हणजे कधी कधी त्यात बारीक अळ्या सापडतात. घरातली बाई त्याचा गवगवा करीत नाही. चाळण घेते, पीठ चाळते, अळ्या अंगणात कोंबड्यांपुढे टाकते आणि भाकऱ्या थापायला बसते. वाचकहो, अशाच एका अळीची हकिगत मी आज तुम्हांला सांगणार आहे. अळी कसली आणि तिचा इतिहास तो कसला, असे कुणी म्हणेल. पण ज्या प्रश्नापायी आपल्या गावागावांतल्या बायका पिढ्यान् पिढ्या बोल खात आल्या, त्या प्रश्नाचे उत्तर या अळीने दिले. आणि ते उत्तर शोधून काढणारी एक बाईच होती, शाळामास्तरीण होती.

आधी थोडे घरचे सांगतो. मी सांगली जिल्ह्यातल्या वाळवे तालुक्यातला, आष्टे गावचा. भोवती उसाचे मळे, हळदीची राने. भावईची सोंगे निघाली म्हणजे सारी पंचक्रोशी लोटते ते हे गाव. आमच्या घरी मी चौथा. माझ्या आधी तीन बहिणी. तिसरी झाली तेव्हा आमच्या आजीने बाळंतिणीच्या खोलीत दोन दिवस पाऊल टाकले नाही, असे आई सांते. आजी काही दुष्ट नव्हती. गावात कुणाचे दुखलेखुपले तर पहिली धावून जाणारी ती. पण "हिच्या कुशीत पोरगा नाही" हे वाक्य ती सहज बोलून जाई, जसे आपण "यंदा पाऊस नाही" म्हणतो तसे. तिलाही तिच्या सासूने हेच ऐकवले असणार. माझा जन्म झाला तेव्हा आईची सुटका झाली. एका माणसाचा जन्म झाला म्हणून दुसऱ्या माणसाची सुटका व्हावी, हे मला मोठेपणी कळले आणि तेव्हापासून ते मनातून गेलेले नाही.

मुलगा की मुलगी हे कशावरून ठरते? हा प्रश्न माणसाइतकाच जुना आहे. ग्रीसमधला ॲरिस्टॉटल म्हणाला, बापाच्या शरीरातील उष्णतेवरून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले नामांकित विद्वानही सांगत होते, की आईला आहार कसा मिळाला, हवा गरम होती की थंड होती, यावरून ठरते. म्हणजे खेड्यातल्या आमच्या आजीने आईला दोष दिला, तर ती फार एकटी नव्हती. मोठमोठे पंडित तिच्या बाजूस होते. आजीला तिच्या शेजेवर कुणी खोटे ठरवले नव्हते, एवढेच.

अमेरिकेत व्हरमाँट प्रांतात 1861 साली नेटी स्टीव्हन्स नावाची मुलगी जन्मली. ती शिकली, शाळेत शिकवू लागली, ग्रंथालयात काम करू लागली. पैसे साठवीत साठवीत वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, 1896 साली, ती विद्यापीठात दाखल झाली. शिक्षक मित्रांनो, हे वय लक्षात ठेवा. ज्या वयात आपण "आता काय शिकायचे राहिले" म्हणून पेन्शनचा हिशेब मांडू लागतो, त्या वयात या बाईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. 1903 साली ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयातून तिने डॉक्टरेट मिळवली आणि त्यानंतर ती किड्यांच्या पेशी तपासू लागली.

तिने निवडली ती धान्यात आणि पिठात होणारी एक अळी. आपल्या पिठातल्या किड्यांच्याच कुळातली, पण थंड मुलखातली. तिला काय दिसले ते सोप्या शब्दांत सांगतो. प्रत्येक पेशीत धाग्यासारखे बारीक कण असतात, त्यांना गुणसूत्रे म्हणतात. या जातीच्या मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रे होती. नराच्या पेशीत मात्र एकोणीस मोठी आणि एक अगदी लहान. नराचे बीज तयार होताना ही वीस निम्मी निम्मी वाटली जातात. त्यामुळे निम्म्या बीजात दहाही मोठी येतात आणि उरलेल्या निम्म्यात नऊ मोठी व एक लहान. मादीच्या अंड्यात मात्र नेहमी दहाही मोठीच. मग लहान गुणसूत्राचे बीज अंड्याला मिळाले की नर, आणि मोठ्याचे मिळाले की मादी. 1905 साली तिने हे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी एडमंड विल्सन या नामवंत प्राध्यापकानेही स्वतंत्रपणे याच दिशेने शोध मांडला.

पुढे काय झाले तेही ऐका. नेटी स्टीव्हन्स 1912 साली कर्करोगाने वारली. गुणसूत्रे आणि आनुवंशिकता यांवरील कामाबद्दल 1933 साली नोबेल पारितोषिक मिळाले ते टॉमस मॉर्गन यांना. ते थोर शास्त्रज्ञ होते, त्यात शंका नाही. ब्रिन मॉरला तिला त्यांनी शिकवलेही होते. परंतु पुष्कळ वर्षे पाठ्यपुस्तकांत लिंगनिश्चितीचा शोध म्हटला की विल्सन आणि मॉर्गन हीच नावे येत. बाईचे नाव तळटीपेत गेले. तिच्या वाट्याचे तिला द्यायला जगाला बराच काळ लागला.

माणसाचे गणितही असेच आहे. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात, हे 1956 साली नक्की झाले. आणि लहान गुणसूत्र असले म्हणजेच पुरुष होतो, हे 1959 साली. आईकडून येणारे सूत्र नेहमी एकाच जातीचे. बापाकडून कधी या जातीचे, कधी त्या जातीचे. म्हणजे आमच्या आजीने ज्या कुशीला बोल लावला, त्या कुशीच्या हातात निवड कधी नव्हतीच.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हे तर शाळेच्या पुस्तकात आहे." आहे. दहावीची मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळवतात. आणि मग घरी जाऊन थोरल्या वहिनीला तिसरी मुलगी झाली म्हणून सुतकी चेहरे करून बसलेल्या माणसांत बसतात. ज्ञान पुस्तकात असणे निराळे आणि ते उंबरठ्याच्या आत येणे निराळे. हे अंतर कसे तुटावे? या कामी आपल्या बायकांनी जो मार्ग काढला, त्याचा इतिहास मला तुम्हांला सांगायचा आहे.

पहिली गोष्ट जात्याची. गिरण्या येण्यापूर्वी पहाटे घरोघरी जाती घरघरत आणि बायका ओव्या गात. दोघी समोरासमोर बसत. एक ओवी म्हणे, दुसरी तीत भर घाली. ऐकणारी वेगळी आणि गाणारी वेगळी, असा भेद तिथे नव्हता. आजारात काय द्यावे, पीक कसे आले, भाऊ का आला नाही, लेकीला का दिली दूर देशी, हे सगळे त्यांत येई. ओवी ही बाईची वही होती. फरक इतकाच, की कागद नव्हता. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस गावोगाव हिंडून, साथीला खेड्यांतल्याच बायका घेऊन, लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जिला अडाणी म्हणून बाजूला बसवले, तिच्या मनात केवढे भांडार होते, हे त्या संग्रहाने दाखवले.

दुसरी गोष्ट शाळेची. सावित्रीबाई फुले आपल्याच शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या, नायगावच्या. त्यांचा जन्म 3 जानेवारी 1831 चा. 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, हे तुम्ही जाणताच. पण मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट 1855 सालची. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, मांग समाजातली चौदा वर्षांच्या आसपासची मुलगी, हिने मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळेत जाऊन तिने धडा गिरवला, एवढ्यावर ती थांबली नाही. माझ्या समाजाला ज्ञानाच्या बाहेर का ठेवले, असा जाब तिने विचारला. शिकणाऱ्याने प्रश्न विचारला म्हणजे शाळा खरी सुरू झाली, असे मी समजतो.

तिसरी गोष्ट चळवळीची आणि नाटकाची. आमच्या तालुक्याला जलशांची आणि पोवाड्यांची परंपरा आहे. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, म्हणजे वाळवे तालुक्यातलेच. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या दिवसांत शाहिरांच्या डफावर गावे जागी राहिली. त्या चळवळीत तरुण मुलीही उतरल्या. कासेगावच्या इंदुमती पाटणकर त्यांतल्या एक. पुढे त्या शिक्षिका झाल्या, आणि नवऱ्यांनी टाकून दिलेल्या बायकांच्या हक्कासाठी या भागात त्यांनी उतारवयापर्यंत काम केले. 2017 साली त्या निवर्तल्या.

1975 साली मुंबईत स्त्रीमुक्ती संघटना स्थापन झाली. तिच्या बायकांनी 1983 साली ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेले 'मुलगी झाली हो' हे नाटक रंगमंचावर आणले. रंगमंच म्हणतो, पण त्याला पडदा लागत नव्हता आणि नेपथ्यही लागत नव्हते. चाळीच्या चौकात, शाळेच्या पटांगणात, देवळापुढे, कुठेही उभे राहून बायका ते करीत. काम करणाऱ्या नोकरदार आणि घरसंसारी बायका होत्या. विषय त्याच्या नावातच आहे: मुलगी जन्मली की घरात काय घडते. महाराष्ट्रभर त्याचे प्रयोग झाले आणि इतर भाषांतही ते गेले. नाटक पाहून परतणारी बाई "छान झाले" म्हणून उठत नसे. "हे माझेच झाले" म्हणून उठे. जात्यावरच्या ओवीचे काम आता चौकात होऊ लागले.

याच सुमारास विज्ञानाने आणखी एक दार उघडले होते, आणि ते वाईट निघाले. पोटातल्या बाळाची प्रकृती पाहण्यासाठी जी तपासणी आली, तिचा उपयोग मुलगी ओळखून ती पाडण्यासाठी होऊ लागला. मुंबईतल्या स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांनी एकत्र येऊन याविरुद्ध आवाज उठवला. त्यामुळे 1988 साली महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीवर नियंत्रण आणणारा कायदा केला. देशातला तो पहिला. 1994 साली सगळ्या देशासाठी कायदा झाला आणि 2003 साली तो अधिक कडक करण्यात आला.

आता आकडे पाहा. निसर्गात मुलगे थोडे जास्त जन्मतात. शंभर मुलींमागे साधारण 105. म्हणजे हजार मुलांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली असायला हव्यात. 2001 च्या जनगणनेत आपल्या सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली होत्या 851. शेजारच्या कोल्हापुरात 839. 2011 साली सांगलीचा आकडा 867 वर आला. हे जिल्हे दुष्काळी, निरक्षर, दरिद्री आहेत काय? नव्हे. पाटाचे पाणी इथे, साखर कारखाने इथे, महाविद्यालये इथे. ज्यांना गुणसूत्र माहीत आहे, ज्यांच्यापाशी तपासणीला पैसा आहे, त्यांच्याच घरातून मुली नाहीशा झाल्या. आमच्या अडाणी आजीने नातीला बोल लावला, पण तिला जेवू घातले, वाढवले. शिकलेल्याने तिला जन्मूच दिले नाही. हे लिहिताना मान खाली जाते.

म्हणून मी म्हणतो, विज्ञान शिकवणे एवढे पुरेसे नाही. हे ज्ञान कोण वापरणार, कोणासाठी वापरणार, आणि ज्याच्या देहावर ते वापरायचे त्याला विचारले काय, हेही शिकवावे लागते. पिठातल्या अळीपाशी नेटी स्टीव्हन्सने प्रश्न विचारला, "हे कसे ठरते?" तपासणीच्या यंत्रापाशी दुसऱ्याच कुणी विचारले, "हे कसे टाळता येईल?" शास्त्र तेच, प्रश्न बदलला आणि हेतू फिरला.

आता एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर कृष्णाकाठच्या एका गावी होते. संध्याकाळी शाळेत बायकांसाठी माझे व्याख्यान ठेवले होते. विषय हाच. मी फळ्यावर आकृती काढून आणली होती. बायका आल्या, पदर सावरून बसल्या, आणि मी बोलू लागताच निम्म्या जणींच्या डोळ्यांवर झोप आली. दिवसभर उसात राबलेल्या बायका त्या; त्यांचा काय दोष! तेव्हा आमच्या वर्गातली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, बोलण्यापेक्षा हादगा घालू या का?"

हादगा तुम्हांला सांगायला नको. हस्त नक्षत्र लागले की हत्तीचे चित्र मांडून पोरी त्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायची असते. त्या मुलीने दोन मडकी मागवली. एकात साधे चिंचोके टाकले, ते आईचे मडके. दुसऱ्यात निम्मे साधे आणि निम्मे चुना लावलेले पांढरे, ते बापाचे मडके. फेर धरायचा, गाणे थांबेल तेव्हा जी मडक्यापाशी असेल तिने डोळे मिटून दोन्ही मडक्यांतून एकेक चिंचोका काढायचा. दोन्ही काळे तर मुलगी, एक पांढरा निघाला तर मुलगा. पाहून झाले की चिंचोके परत आपापल्या मडक्यात टाकायचे.

फेर सुरू झाला आणि झोप कुठल्या कुठे पळाली. हसणे, ढकलाढकली, "तुला काय झालं गं?" असे ओरडणे. एका सुनेला चार वेळा पाळी आली आणि चारही वेळा दोन्ही काळे निघाले. सगळ्या हसल्या आणि एकाएकी गप्प झाल्या. कारण त्या सुनेला घरी खरोखरच मुलीच होत्या, हे साऱ्यांना ठाऊक होते. तिची सासू फेरातच होती.

मी म्हटले, "मावशी, आईच्या मडक्यात पांढरा चिंचोका आहेच कुठे?" म्हातारीने पुढे होऊन मडके स्वतः पालथे केले. सगळे काळे. तिने मूठभर हातात घेऊन उलटेपालटे केले आणि बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी माझ्या ल्योकाचाच दोष म्हना की."

वाचकहो, इथे माझी परीक्षा होती. हो म्हणणे सोपे होते. एका दोषी माणसाच्या जागी दुसरा उभा करायचा, की व्याख्यान यशस्वी झाले! पण ते खरे नव्हते. बापाने तरी डोळे मिटूनच हात घातला होता. मी तसे सांगितले: "मावशी, मडक्यात निम्मे पांढरे, निम्मे काळे. डोळे मिटून काढले तर चारदा काळे येणे हा सोळांत एक खेळ. त्यात दोष कुणाचा?"

म्हातारी म्हणाली, "कुनाचाच दोष न्हाई, तर पोरगी झाली म्हंजी दोष झाला, असं आपन म्हंतो कशापायी?"

मी एम. ए. झालेला माणूस, पण एवढा नेमका प्रश्न मला सुचला नव्हता. गुणसूत्राचे उत्तर मला ठाऊक होते. खरा प्रश्न तिला ठाऊक होता. फेर पुन्हा सुरू झाला तेव्हा सासूने सुनेचा हात धरला होता. पुढे त्या घरात काय घडले ते मला माहीत नाही, आणि एका संध्याकाळने घर बदलते असा दावाही मी करणार नाही. पण प्रश्न त्या बाईने स्वतःच्या तोंडाने विचारला होता. माझ्या तोंडून तो तिने नुसता ऐकला असता, तर घरी पोहोचेपर्यंत विसरली असती.

सातारा जिल्ह्यात 2011 च्या ऑक्टोबरात एक समारंभ झाला. नको असताना झाली म्हणून जिचे नावच 'नकुशी' ठेवले, अशा अडीचशेहून अधिक मुलींनी त्या दिवशी नवी नावे घेतली. हजेरीपटावर रोज "नकुशी" म्हटले की "हजर" म्हणून उत्तर देणाऱ्या त्या मुली! कितीतरी जणींनी आपल्या आवडीचे नाव स्वतः निवडले. यात सरकारी कचेरीचे काम होतेच. पण माझ्या मते तो एक मोठा धडाही होता, आणि तो मुलींनी स्वतः गिरवला.

शिक्षक मित्रांनो, तुमच्यापाशी मडकी आहेत, चिंचोके आहेत आणि हस्त नक्षत्र दरवर्षी येते. आकृती फळ्यावर जरूर काढा, पण मुलांना आणि मुलींना एकाच फेरात उभे करा. मुलांनाही, कारण उद्या बाप त्यांनाच व्हायचे आहे. त्यांच्या आयांना बोलवा, आज्यांना अगत्याने बोलवा. आणि आजीने मडके पालथे करून प्रश्न विचारला, तर घाईने उत्तर देऊ नका. तिला पुरते बोलू द्या.

आमची आजी आता नाही. तिचे जाते परसात उपडे पडलेले आहे. आईचे वय झाले आहे; पण अजून पीठ चाळताना अळी दिसली की ती चाळण माझ्यापुढे धरते आणि म्हणते, "घे, तुझी मास्तरीण आली." मी तिला ही सारी हकिगत सांगितली तेव्हा तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग एवढेच म्हणाली, "हे त्या वेळी कुणी सांगितलं असतं, तर तुझ्या बहिणीच्या बारशाला मी रडले नसते."